सानं बुजवलं तो हिवाळा

संध्याकाळ झाली की चिमणी लठ्ठ होते, हा शोध मला लागला तेव्हा मी पळत जाऊन तो आईला सांगितला. आई म्हणाली, "आधी चुलीतली राख काढ." आमच्या घरात माझ्या शोधांची किंमत साधारण एवढीच होती.

पण खोटं नव्हतं ते. आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती दाबून केलेलं सपाट छप्पर, आणि त्याच्या मधोमध एक सानं होतं. सानं म्हणजे चुलीचा धूर वर जायला आणि थोडा उजेड खाली यायला ठेवलेलं भोक. पावसाळ्यात त्यावर फरशीचा तुकडा सरकवायचा, एरवी ते उघडंच. त्या सान्यातून एक चिमणी रोज दिवस मावळायच्या आधी आत यायची आणि तुळईच्या खाचेत बसायची. येताना अगदी सडपातळ. एकदा बसली की मान आत ओढायची, चोच पिसांत खुपसायची आणि फुगायला लागायची. बघता बघता मोसंबीएवढी व्हायची. सकाळी उडताना पुन्हा होती तेवढी. रात्रीतून ही काय खाते आणि सकाळपर्यंत ते जातं कुठे, या प्रश्नाने मला नुसतं पछाडलं होतं.

तेव्हा लढाई चालू होती. ती आम्हाला दिसत नव्हती, पण कापड कंट्रोलवर गेलं होतं आणि रॉकेल मिळेनासं झालं होतं, तेवढ्यावरून ती चालू आहे हे कळायचं. वडील पाथर्डीच्या बाजूला एका लहान गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळा म्हणजे गावाबाहेर एक खोली, आणि तिला लागून आमचं घर. वडिलांना प्रश्न विचारला की ते कधी सरळ उत्तर देत नसत. "बघ, आणि काय दिसलं ते मला सांग," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं यांना येत नाही म्हणून टाळतात. खरंच काही वेळा येत नसावं.

तर त्या हिवाळ्यात मी बघत सुटले. प्रश्न एकच होता. आमच्याकडे चूल आहे, गोधड्या आहेत, तरी आमचे दात वाजतात, मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते सगळे सकाळी जिवंत कसे सापडतात?

शाळेमागच्या दगडावर एक सरडा असायचा. एरवी त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी पसार. पण पहाटे तो इतका कडक झालेला असायचा की मी त्याला उचलून तळहातावर घेतला, तरी तो आपला गप्प. ऊन आलं की काळपट व्हायचा, अंग पसरून दगडाला चिकटायचा आणि थोड्या वेळाने एकदम आठवल्यासारखा पळायचा. गावातली कुत्री शेकोटी विझल्यावर तिच्या राखेत जाऊन झोपायची आणि सकाळी पांढरी होऊन हिंडायची. विहिरीतून पहाटे वाफ निघायची. मी बादलीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहायचे, कारण सगळ्या गावात तेवढीच एक गोष्ट कोमट होती. शेळीची करडं रात्री बांबूच्या डालग्याखाली झाकत. एकदा मी हळूच डालगं उचलून पाहिलं तर सगळी एकावर एक चढलेली. जरा वेळाने पाहिलं तर वरचं खाली गेलेलं आणि खालचं वर आलेलं. त्यांनी हे कसं ठरवलं असेल, कुणाचा नंबर कधी, हे मला आजवर कळलेलं नाही.

झाडांचं तर मला फारच वाईट वाटायचं. त्यांना राखेत जाता येत नाही, उन्हात सरकता येत नाही, एकमेकांच्या अंगावर चढता येत नाही. तरी दसऱ्यापासून थेंब पडलेला नसताना शाळू, म्हणजे थंडीतली ज्वारी, नुसत्या दवा-दहिवरावर उभा होता आणि वाढतही होता. मी वडिलांना विचारलं, त्याला थंडी वाजत नाही का? ते म्हणाले, "बघ आणि सांग." मी एक पहाट शाळूच्या शेताच्या बांधावर काढली, पायांची बोटं बधिर झाली आणि शाळूने मला काहीही सांगितलं नाही.

वडिलांकडे एक कोट होता. कुठल्यातरी दूरदेशच्या धिप्पाड माणसाचा तो असावा, कारण मिशनच्या गाठोड्यातून तो आला तेव्हा वडील त्यात सबंध बुडाले होते. बाह्या दोनदा दुमडायच्या, तरी बोटं दिसायची नाहीत. गावातली पोरं त्याला मास्तरांचा तंबू म्हणत. पण पहाटे मी कुडकुडत उठले की वडील त्या कोटाची बटणं काढायचे, मला पोटाशी घ्यायचे आणि वरून बटणं लावायचे. माझं डोकं तेवढं बाहेर. आत लोकरीचा, खडूचा आणि वडिलांचा वास यायचा. त्या कोटापेक्षा उबदार जागा मला पुढे कधी मिळाली नाही, आणि ती ऊब कोटाची नव्हती हे मला कळायला तो हिवाळा संपावा लागला.

शाळेच्या कुंपणापलीकडे एका शेतकरी कुटुंबाची वस्ती होती. त्या घरातल्या बाईला सगळा गाव अक्का म्हणायचा. आईपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की त्यांनी बैलाला हाक मारली की आमच्या वर्गातली पोरं सरळ बसायची. आमच्यावर त्यांचा जीव होता. भाजी निघाली की कुंपणावरून वाटा यायचा, आईला बरं नसलं की दूध यायचं. पण आमच्या घरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. आम्ही ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती व्हायच्या आधी आमचे आजे-पणजे कोण होते हे गाव विसरलेलं नव्हतं. अक्का उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून तासभर बोलायच्या, पण आमच्या हातचं पाणी घ्यायच्या नाहीत. मला त्याचा राग यायचा. आई म्हणायची, "ती देते ते बघ, घेत नाही ते बघू नको." आईचं मन मोठं होतं. माझं नव्हतं.

पण माझ्या प्रश्नांना सरळ उत्तर देणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी राग बाजूला ठेवून अक्कांच्या मागे मागे असायचे. पौषात त्या हरभऱ्याची आंब धरायच्या. संध्याकाळी हरभऱ्यावर जुनं मऊ धोतर अंथरायचं, रात्रभर त्यावर दहिवर पडायचं, आणि पहाटे ते धोतर कासंडीत पिळायचं. जे पाणी निघायचं ते इतकं आंबट की जीभ टाळ्याला चिकटायची. पोटदुखीला गावभर तेच औषध. मी विचारलं, "अक्का, आंबट कुठून येतं?" त्या म्हणाल्या, "हरबऱ्याच्या अंगातनं." मी म्हटलं, "म्हणजे थंडीत त्याला घाम येतो?" अक्का इतक्या हसल्या की पिळलेलं धोतर पुन्हा मातीत पडलं. "मास्तराची पोर हायेस खरी," म्हणाल्या. "डोकं खातीस माजं."

त्याच अक्का एका गोष्टीपुढे मात्र हसायच्या नाहीत, आणि ती म्हणजे गारठा. कुणाचं तान्हं उघडं दिसलं की त्या आईच्या अंगावर धावून जायच्या. मी आईला कारण विचारलं तेव्हा आईने हलक्या आवाजात सांगितलं की अक्कांचं पहिलं मूल अशाच पौषात गेलं. अक्कांनी खोलीची फट न् फट बुजवली होती, रात्रंदिवस बाजेखाली शेगडी ठेवली होती, तरी एका पहाटे ते उठलंच नाही. "गारठ्यानं नेलं," असं त्या म्हणायच्या. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

नाताळ झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई बाळंत झाली. व्हायला नको होती. अजून बराच अवकाश होता, सुईणीने तसं बोटांवर मोजून सांगितलेलं होतं. भाऊ झाला. मी त्याला बघायला गेले आणि मला आधी वाटलं की मला फसवताहेत. एवढंसं माणूस असतं हे मला माहीत नव्हतं. त्याची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. तो रडायचा नाही, नुसता कण्हायचा. सुईण जाताना वडिलांना म्हणाली, "अंगावर मांस न्हाई. ऊब सोडू नका. फाल्गुन गाठला तर तुमचा."

त्या दिवसापासून आमच्या घरात फक्त एकच काम होतं. त्याला फाल्गुनापर्यंत न्यायचं.

बाळंतिणीच्या खोलीत धूर नको म्हणून चूल बाहेर ओसरीत नेली. बाजेखाली शेगडी आली. वडील रात्री शाळेच्या खोलीत झोपायला लागले, मी आईच्या बाजेशेजारी खाली. अक्कांनी आंब धरायचं ते मऊ धोतर धुऊन, फाडून त्याची दुपटी करून कुंपणावरून दिली. नवं कापड मिळायची सोय नव्हती. कितीही धुतलं तरी त्या दुपट्यांना आंबट वास यायचा, आणि माझ्या भावाला कित्येक दिवस हरभऱ्याचा वास यायचा.

मी मात्र माझा प्रश्न सोडला नव्हता. उलट आता तो जास्तच टोचायला लागला. करडाला शेगडी नाही, चिमणीला नाही, सरड्याला नाही, मग यालाच का लागते? मी वडिलांना विचारलं. त्या वेळी पहिल्यांदाच ते "बघ आणि सांग" म्हणाले नाहीत. "मला भीती वाटते, बाळ," म्हणाले आणि पाणी आणायला निघून गेले. मोठ्या माणसाने असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग कडाका वाढला. उत्तरेचं वारं सुटलं. एका सकाळी आम्ही उठलो तर अक्कांच्या परसातली वांगी आणि एरंडाची पानं काळी पडलेली, वाफेवर धरल्यासारखी लुळी. हरभऱ्याचं फूल करपलं. शाळू तेवढा होता तसा उभा. मी एरंडाचं पान चुरगळून बघत होते आणि अक्का माझ्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पान बघत बघत त्या म्हणाल्या, "झाडाचं हे झालं, तर त्या गोळ्याचं काय हुईल?" आणि तरातरा आमच्या उंबऱ्याशी आल्या.

"मास्तरीणबाई, वरचं सानं बुजवू आज. सारी ऊब तिथनंच जाती."

आई बाजेवरून म्हणाली, "अक्का, धूर कोंडेल हो."

"धूर कशाचा? चूल तर भाईर न्हेली तुमी. इस्तू मी माज्या अंगनात फुलवून देती. बाभळीचा निखारा, लालबुंद, धूर नावाला न्हाई. आन् धूर न्हाई तर भोक कशाला?"

यात काय चूक होतं सांगा? सानं होतंच धुरासाठी. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना तेच ठाऊक. धूर वाईट, त्याने डोळे जातात, छाती भरते, तान्ह्याला तर तो लागूच द्यायचा नाही. आणि धूर नसलेला विस्तव म्हणजे चांगला विस्तव. आईला ते पटलं, वडिलांनाही पटलं. एकटी मी भांडले, पण माझं कारण वेगळंच होतं.

"मग चिमणी कुठून येईल?" मी म्हटलं.

"चिमनीला अख्खं रान हाय," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी त्या बाहेरून शिडी लावून आमच्या माळवदावर चढल्या. गोणपाटाची घडी सान्यात कोंबली, वर फरशी सरकवली आणि कडेला ओली माती थापली. मी खालून ओरडत होते, "अक्का, ती आत आहे, ती कधीच आत आलीय." वरून आवाज आला, "मंग बरंच झालं, तिला बी ऊब." दाराच्या खालच्या फटीला वडिलांनी तरट लावलं. खोलीत खरंच कधी नव्हे ती ऊब झाली. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला तेवढं बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उजेड गेल्यामुळे मला चिमणी दिसत नव्हती, आणि मी फुरंगटूनच झोपले.

फटफटायला लागलं तेव्हा दार वाजलं. अक्का ताजी शेगडी घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. काठोकाठ निखारे, त्यावर धुराचा केसही नाही. मी ती आत ओढून बाजेखाली सरकवली, जुनी बाहेर दिली आणि वारा लागू नये म्हणून शिस्तीत दार लावून तरट दाबलं. मग परत पडले. डोकं ठणकत होतं. तोंडाला कोरड पडली होती. थोड्या वेळाने निखाऱ्यांच्या तांबूस उजेडात मला तुळई दिसायला लागली, आणि चिमणीही.

ती फुगलेली नव्हती.

मी उठून बसले. बाहेर पाणी गोठेल असा गारठा, आणि ही अशी सडपातळ? पिसं अंगाला चापून बसवलेली, चोच उघडी, पंख सोडलेले. उन्हाळ्यात दुपारी चिमण्या तशा बसतात. मला वाटलं तिला उकडतंय. मी मान वर करून बघतच राहिले, तेवढ्यात ती तुळईवर एकदा कलली, सावरली, आणि धप्पकन माझ्या गोधडीवर पडली.

"आई," मी म्हटलं, "चिमणी पडली."

आई हलली नाही. मी तिचा हात ओढला. डोळे न उघडता ती पुटपुटली, "राख काढ आधी." मला रागच आला. जिवंत जीव पडलाय आणि हिला राखेचं सुचतंय. मी चिमणी ओंजळीत घेतली आणि उठले, तर पाय माझे नव्हतेच. भिंतीला धरून दारापर्यंत गेले. बाहेर आले, आणि एवढ्या घाईतही शिस्त अशी मुरलेली की दार मागे ओढून घेतलं.

मला फक्त एवढंच ठाऊक होतं की ही रोज जिथून बाहेर जाते ती वाट अक्कांनी बुजवलीय. चिमणी एका हातात धरून मी शिडी चढले. तिला माळवदावर ठेवलं, फरशी दोन्ही हातांनी लोटली, माती उकरली, गोणपाट उपसून काढलं. खालून तोंडावर एक गरम झोत आला. त्याला वास नव्हता, धूर नव्हता, काही नव्हतं.

"ए भवाने!" अक्कांनी मला त्यांच्या अंगणातून पाहिलं होतं. "काय करतीस? लेकरू मारतीस का?"

त्या कुंपणाच्या काट्यांतून तशाच धावत आल्या. उंबऱ्याशी येऊन दार ढकललं आणि सवयीने बाहेरच थांबल्या. "मास्तरीणबाई, ह्या पोरीला आवरा. मास्तरीणबाई." आतून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, ती बैलाला मारायच्या तसली. तरी नाही.

मी सान्यावर पालथी पडून आत बघत होते. रोज खालून वर बघायची, आज वरून खाली. आईचा एक हात बाजेवरून लोंबत होता. आणि मग त्या चौकोनात मला अक्कांचं डोकं दिसलं, डोक्यावरचा पदर घसरलेला. आमच्या घरात. त्यांनी आईला गदागदा हलवलं. मग वाकून दुपटं उचललं, त्यात बघितलं, आणि बाहेर पळाल्या.

मी शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. अक्का अंगणात उभ्या होत्या, झोंबरं वारं सुटलेलं, आणि त्यांच्या हातात माझा भाऊ राखेच्या रंगाचा. एवढ्या दिवसांत ज्याला वाऱ्याची झुळूक लागू दिली नव्हती तो त्या कडाक्यात उघडा. वारं सरळ त्याच्या तोंडावर बसलं. त्याचं तोंड वाकडं झालं. तो शिंकला. पुन्हा शिंकला. आणि मग जन्मल्यापासून पहिल्यांदा टाहो फोडून रडला. अक्कांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मग उघड्या दाराकडे बघितलं.

विहिरीवरून येणारे वडील घागर टाकून धावले. त्यांनी आईला खांद्याखाली धरून बाहेर आणलं. तिला उलटी झाली, मग ती रडली, मग "बाळ कुठंय" म्हणाली. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. वडिलांनी मला कोटात घेतलं नाही, कोट काढून आईवर टाकला.

पण बाळ आता निळं पडायला लागलं. वाऱ्याने जागं केलं ते खरं, पण त्याच्या अंगात तेवढी ऊब कुठली? आई अजून थरथरत होती, तिच्याने ते धरवेना. वडील शेगडी बाहेर आणायला निघाले तसं अक्का ओरडल्या, "ती नगं." त्यांनी इकडेतिकडे बघितलं, वडिलांकडे पाठ केली, चोळीची गाठ सोडली आणि ते उघडं बाळ आपल्या उघड्या छातीशी धरलं. वर पदर, त्यावर आपलं घोंगडं. शाळेच्या उगवतीकडच्या भिंतीला ऊन लागलं होतं. तिथे त्या भिंतीला टेकून बसल्या. शेजारी आई बसली, आईला चिकटून मी. करडं सुटली होती, तीही आमच्या पायांत घुसून बसली. पलीकडच्या दगडावर सरडा होताच. मी सगळ्यांकडे बघत होते. कुणाकडेच विस्तव नव्हता. बघ आणि सांग, असं वडील म्हणायचे. त्या दिवशी मला सांगता आलं असतं, पण विचारायला कुणाला सुचलं नाही.

घोंगड्यातून रडणं ऐकू येत होतं, मग ते कमी झालं. अक्का दर थोड्या वेळाने पदर सारून बघत होत्या. त्याचा रंग परत आला होता.

"मास्तर," त्या एकदम म्हणाल्या, "धूर तर नव्हता. मंग झालं काय?"

वडील समोर उकिडवे बसले होते. ते सावकाश म्हणाले, "निखारा धूर करत नाही अक्का, पण हवा खातो. कोंडलेल्या खोलीत माणसाला हवा उरत नाही. उलट विषारी हवा साठते, तिला वास नसतो. मी शाळेत शिकवतो हे पोरांना. आणि माझ्याच घरात मला..."

 अक्का घोंगड्याच्या काठाशी चाळा करत होत्या. मग खाली बघत म्हणाल्या, "माज्या येळंला बी इस्तू चांगला फुललेला हुता."

त्यांनी घोंगडं बाळाभोवती आणखी घट्ट ओढलं.

"सानं बी मीच बुजवलं हुतं. माज्या हातानं. सासू म्हनली व्हती, एवढं कशाला. मी म्हनलं, गारठा लई हाय."

मला उत्तर माहीत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने कोटाखालून माझं मनगट धरलं आणि असं दाबलं की मी आवाज गिळला. तिच्या हातात तेव्हा चमचा उचलायचीही ताकद नव्हती.

वडील म्हणाले, "तेव्हा थंडी फार असेल, अक्का."

"मास्तर," अक्का म्हणाल्या, "तुमी पोरान्ला खोटं शिकवत न्हाई. मला बी नगा शिकवू."

वडिलांनी मान खाली घातली. अक्का रडल्या नाहीत. मला मात्र रडू आलं, अगदी हमसून, आणि कशासाठी ते कळत नव्हतं. अक्कांनी एक हात सोडवून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, पानी आन."

मी उठले आणि उभीच राहिले. कुंपणापलीकडे त्यांच्या घरून आणायचं असेल असं मला वाटलं.

"तिकडं कुटं बघतीस? तुमच्या घरातलं आन. घसा वाळलाय माजा."

मी आमच्या तांब्यातून पाणी आणलं. त्यांनी बाळ जराही न हलवता एका हाताने तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. मग म्हणाल्या, "दुपारपातुर मी धरती. मंग मास्तरीणबाई धरतील. न्हाई तर तू. पर उघड्या अंगाला धरायचं, ध्यानात ठिव."

तसंच केलं आम्ही. शेगडी पुन्हा आत आली नाही. आई, अक्का, मी, आणि अगदी कुणी नसलं तर वडील त्यांच्या कोटात, असे त्याला आळीपाळीने अंगाशी बाळगत राहिलो. अक्का आता आमच्या घरात बाजेवर बसायच्या, आणि गावाने त्यांना त्यावरून बोल लावला तर गावालाच दोन ऐकवायच्या. फाल्गुनात त्याच्या मनगटाला पहिली वळी पडली. अक्कांनी ती मला बोट लावून दाखवली.

चिमणीचं काय झालं ते मात्र कळलं नाही. दुपारी मी माळवदावर गेले तर ती ठेवल्या जागी नव्हती. अक्का म्हणाल्या, उडून गेली. मी पिसं शोधली, एकही सापडलं नाही. काही दिवसांनी संध्याकाळी एक चिमणी सान्यातून आली आणि खाचेत बसून फुगली. तीच की दुसरी, हे मी रोज बघत होते, पण सांगणार कशी?

पुढे पावसाळा आला आणि मी फरशी सरकवायला माळवदावर चढले. पाऊस चांगला लागला होता, खाली घरात पाणी पडत होतं, आई घाई कर म्हणत होती. अक्का त्यांच्या दारातून माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी फरशी पुरती लावणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा नाही, अगदी हळू.

"जरा फट ठिव गं."